पाडव्याचा नारळ

बुलढाण्याजवळच्या धाड गावी आमच्या घरी कुणी पाहुणा आला आणि तुमची पोरगी काय काम करते असं त्यानं विचारलं, की बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "ते लोकाईचा पाडवा पाह्यते."

पाहुण्याला ते बरोबर समजायचं. तो मान डोलवायचा, चहा संपवायचा आणि विषयही संपायचा. चिडायची ती मी. कामगार कल्याण हा विषय घेऊन एमएसडब्ल्यू केलेलं, वाळूजच्या कारखान्यात उमेदवारी केलेली, पुण्यात वर्षानुवर्षं घासलेली, कार्डावर 'एचआर प्रोजेक्ट कन्सल्टंट' असं ठळक छापलेलं. आणि हे सांगणार, पाडवा पाहते. जशी काही मी काखेत पंचांग मारून गावोगाव फिरते.

बाबा सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं दुसऱ्याच्या वावरात राबणारा माणूस. आमच्याकडे त्याचं साल गुढीपाडव्याला लागतं आणि पुढच्या पाडव्याला सुटतं. बाबांनी सगळी हयात एकाच मालकाकडे काढली, पण 'कायम' हा शब्द त्यात कुठंच नव्हता. दर पाडव्याला साल सुटायचं आणि त्याच दिवशी पुन्हा लागायचं. मालकांच्या घरची रीत अशी, की पाडव्याला सकाळी मालक स्वतः चालत आमच्या दारात यायचे. हातात नारळ. तो बाबांच्या हातात देऊन म्हणायचे, "घ्या बाप्पा, लागलं साल." बाबा नारळ कपाळाला लावायचे आणि दाराजवळच्या दगडावर फोडायचे. खोबऱ्याचा पहिला तुकडा मालकांना, मग आईला, मग आम्हा पोरांना. ते खोबरं खाल्लं की घर वर्षभरासाठी बांधलं गेलं. मालक गेले की आम्ही जेवायला बसायचो. नारळ येईपर्यंत घरात कुणी पुरणाला बोटसुद्धा लावायचं नाही.

आणि ठेवायचं नसेल तर? तर मालक येत नाही. बस्. नको म्हणायची रीतच नव्हती. आमच्या गल्लीत एक काका दुसऱ्या एका घरी सालानं होते. एका पाडव्याला ते अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले, ते दुपार कलली तरी तिथंच. मी शाळेत जाणारी पोर. आईला विचारलं, "ते काऊन बसून राह्यले?" आईनं पाठीत धपाटा घातला. "तिकडं पाहू नको वं." सगळी गल्लीच तिकडं न पाहता ये-जा करत होती. ऊन उतरल्यावर त्यांच्या बायकोनं त्यांना हाताला धरून आत नेलं, आणि मग कुठं गल्लीतले लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले.

माझा राग तसा लवकर येणारा आणि लवकर जाणारा. तो एक राग मात्र गेला नाही. पुढं त्याच्यावरच माझं पोट चाललं.

वाळूजला मी टाइम ऑफिसात लागले. हजेरी, रजा, गेटपास. तिथं पहिल्याच वर्षी कळलं की कारखान्यातही आमच्या गल्लीसारखंच चालतं. कंत्राटी माणसाला काढायचं असलं की त्याला कुणी सांगायचं नाही. सकाळी गेटवर कार्ड लावलं आणि दिवा लाल झाला की त्यानं समजून घ्यायचं. माणूस पुन्हा पुन्हा कार्ड पुसायचा, शर्टाला घासायचा, परत लावायचा. रांगेतले बाकीचे दुसरीकडे पाहायचे. मी साहेबाशी भांडले. साहेब म्हणाले, "मॅडम, इमोशनल होऊ नका." मी राजीनामा दिला, आणि खरं सांगायचं तर तो देताना मला भारी आनंद झाला.

पुण्याला एका सल्लागार संस्थेत लागले. तिथं माझ्या बोलण्याला हसायचे. एकदा भर मीटिंगमध्ये तोंडातून 'काऊन' निघून गेलं आणि टेबलाभोवतीचे सगळे इतकं गोड हसले, की त्यापेक्षा कुणी कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं. मग मी भाषा धुऊन काढली. 'मले'चं 'मला' केलं, 'हाव'चं 'हो' केलं, आणि फोनवर आईशी बोलायचं असलं की जिन्यात जायला लागले. काम मात्र शिकले. दोन कंपन्या एक होतात तेव्हा कोण कुणाच्या हाताखाली जाणार, एकाच खुर्चीचे दोन मानकरी असले तर कुणाला उठवायचं, पगाराच्या पायऱ्या कशा बांधायच्या. ज्याला उठवायचं त्याला सांगायचं कामही तेव्हा माझ्याच गळ्यात पडायचं. काम निघालं की आम्हाला बोलावणार, काम संपलं की आम्हीही संपलो.

हे मी एकदा बाबांना समजावून सांगितलं. ते मिरचीची देठं खुडत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तूबी सालानंच हायेस."

"बाबा, मी कन्सल्टंट आहे."

"हाव नं. पण पाडव्याले नारळ येते का नाही, हे तुले बी ठाऊक नसते."

तेव्हापासून आमच्यात तो शब्दच पडला. मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा कितीतरी दिवस एकही कंपनी दारात उभी करेना. बाबा फोन करायचे आणि तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "नारळ आला का?" मी म्हणायची, येईल. शेवटी जालन्याच्या एका कारखान्याचं काम मिळालं. मी फोन करून म्हटलं, "बाबा, नारळ आला."  पलीकडे ते आईला ओरडून सांगत होते, चहा ठेव, सगळ्यांसाठी ठेव. आई म्हणत होती, सगळे म्हणजे कोण, घरात दोघंच तर आहोत.

माझं नाव झालं ते एका गोष्टीसाठी. माणसाला काढायचं असेल तर त्याला समोर बसवून सांगायचं. ज्यानं ठरवलं त्यानंच सांगायचं, दुसऱ्याच्या तोंडानं नाही. आधी पाणी द्यायचं. पहिल्याच वाक्यात निर्णय सांगायचा, नमनाला घडाभर तेल नको. मग गप्प राहायचं आणि त्याला काय म्हणायचंय ते संपेपर्यंत ऐकायचं, घड्याळाकडे न बघता. एवढंच. यात काही विद्वत्ता नाही. पण मोठमोठे साहेब याला असे घाबरतात म्हणून सांगू. मी त्यांच्याकडून तालीम करून घ्यायची. सुटाबुटातली माणसं घाम पुसत माझ्यासमोर 'आम्ही तुम्हाला पुढे ठेवू शकत नाही' हे एक वाक्य घोकत बसायची. आमच्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. मी तर बोलायला शिकवणंच विकत होते आणि ते चांगलं खपत होतं.

इकडे थोरले मालक वारले. त्यांचा मुलगा बुलढाण्यात नोकरीला, तिथंच त्याचं घर. बाबा त्याला बाबू म्हणत. लहानपणी तो बाबांच्या खांद्यावर बसून वावरात यायचा आणि त्यांच्याच भाकरीतली अर्धी भाकर खायचा. वडलांमागं त्यानं रीत पाळली. पाडव्याला गाडी घेऊन यायचा, नारळ द्यायचा, "काका, लागलं साल" म्हणायचा. थोडा लाजायचा, पण म्हणायचा. बैल विकले गेले, नांगरट ट्रॅक्टरनं व्हायला लागली, बाबांचे गुडघे गेले. काम उरलं ते मोटार चालू-बंद करायचं, पाणी पाहायचं, राखण करायची. मी कितीदा म्हटलं, आता सोडा. मी कमावते, पुण्याला चला नाहीतर इथंच आराम करा. बाबांना ते समजायचंच नाही. "मी कसा सोडू बाई? मालक नाही आला तं सुटीन आपोआप."

गेल्या वर्षीच्या पाडव्याआधी, फाल्गुनात, बाबूचा मला फोन आला. "ताई, यंदा वावर ठोक्यानं देऊन राह्यलो." म्हणजे ठरावीक बोलीनं दुसऱ्याला कसायला. घेणाराही गावातलाच, एक मुसलमान शेतकरी, अद्रक आणि मिरची करणारा, हाताखाली स्वतःची माणसं असलेला. "मंग काकांचं काही काम राहत नाही. त्याईचं वयही झालं. तुमी तं याच लाइनच्या, ताई. तुमीच सांगून देता का त्याईले?"

मला असा संताप आला की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हटलं, "ठरवलं कोणी?"

"मीच."

"मग सांगणार पण तुम्हीच."

"माह्यानं तोंड होत नाही ताई."

मी त्याची तालीम घेतली. होय, फोनवर, माझ्याच बापाला काढायची. पाडव्याला स्वतः या, नारळ आणू नका, समोर बसा, पाणी मागून घ्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा. त्यानं तीनचारदा म्हणून दाखवलं. शेवटी त्याचा आवाज बऱ्यापैकी स्थिर झाला. "मी बरोबर सांगतो ताई. त्याईनं मले खांद्यावर खेळवलं, एवढं तं केलंच पाह्यजे." फोन ठेवल्यावर मी रडले, पण माझं समाधानही झालं होतं. वाटलं, त्या ओट्यावरच्या काकांसारखं माझ्या बापाचं होणार नाही. त्यांना निदान कुणीतरी सांगेल.

पाडव्याला मी मुद्दाम धाडला आले. आईनं सकाळीच पुरण घातलं होतं. गुढी उभी राहिली, तिला साखरेची गाठी आणि कडुनिंबाचा डहाळा. बाबांनी अंघोळ केली, इस्त्रीचं धोतर नेसले आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. मी त्यांच्याकडे पाहूच शकत नव्हते, आणि मग लक्षात आलं की मीही गल्लीसारखीच वागते आहे. म्हणून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "तुहं काम नाही का आज? जाय, आईले हात लाव."

गाडी आली. बाबूचीच गाडी, पण उतरला तो ड्रायव्हर. "साहेबाईले अर्जंट काम आलं," असं म्हणून त्यानं बाबांच्या हातात पिशवी दिली. पिशवीत पेढ्यांचा पुडा होता, घडी केलेली शाल होती, आणि वर नारळ.

मला एका क्षणात कळलं. त्याच्या ऑफिसात कुणी निवृत्त झालं की असंच करत असतील. शाल, श्रीफळ, पेढे, दोन शब्द. बाबूला निरोप द्यायचा होता आणि तो त्याला येत होता त्याच रीतीनं त्यानं दिला. दोन शब्द तेवढे राहिले. आणि पाडव्याच्या सकाळी या दारात नारळ आला की त्याचा काय अर्थ होतो, हे ज्याच्या बापानं ती रीत चालवली त्या पोराच्या, मी 'नारळ आणू नका' असं बजावूनही, ध्यानात राहिलं नाही.

बाबांचं तोंड असं उजळलं. "पाह्य. इसरला नाही पोरगा." शाल उलगडून पाहिली आणि हसायला लागले. "या उन्हात शाल! बाबूले कुठचं समजते. बंगल्यात राह्यते तो." शाल आईकडे फेकली, नारळ कपाळाला लावला. मी म्हटलं, "बाबा, थांबा." ते थांबले नाहीत. सवयीचा हात, एकाच घावात दोन भकलं. मालकाच्या वाटचा पहिला तुकडा ड्रायव्हरला, दुसरा आईला, तिसरा माझ्या हातात. मी तो तसाच धरून उभी राहिले.

"खाय नं," बाबा म्हणाले. "साल लागलं."

मी खाल्लं. काय करणार होते? आईनं पानं वाढली. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले आणि जेवण होताच, साल लागलं म्हणून वावराकडे निघाले. दरवर्षी निघायचे. मी त्यांच्या मागं गेले.

वावरात ठोकेकऱ्याचा ट्रॅक्टर उभा होता, बेड पाडायचं काम चाललं होतं. तो पुढं आला, "आओ चाचा" म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून त्यानं नजर खाली घातली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याला, ट्रॅक्टरवाल्याला, साऱ्या गावाला. मी बाबांना कडुलिंबाखाली बसवलं. डेऱ्यातलं पाणी दिलं. आणि ज्यानं ठरवलं त्यानंच सांगायचं हा माझा नियम मोडून मी सांगायला लागले.

"बाबा, बाबूनं हे शेत ठोक्यानं दिलं आहे. यावर्षीपासून तुम्हाला कामावर ठेवलेलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "अशी काऊन बोलून राह्यली? सायबावानी?"

मला तेव्हाच कळलं की मी पुण्याच्या मराठीत बोलते आहे. हे वाक्य मला दुसऱ्या कुठल्या भाषेत येतच नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, घरच्या बोलीत, अडखळत. ती शाल निरोपाची आहे, शहरात माणूस रिटायर झाला की देतात, नारळही त्यातलाच.

"शयरात देत असतीन. हे काय शयर हाय?" त्यांनी पेला खाली ठेवला. "मले हे कोन सांगून राह्यलं? तू का बाबू?"

"मीच. पण बाबूनंच मले..."

"मंग मी काऊन आयकू? तुहा नारळ नाही खाल्ला मी. ज्याचा खाल्ला तो सांगीन तवा साल सुटीन." आणि उठताना, गुडघ्याला हात लावून, "फोडलेला नारळ वापस कसा करू, सांग. सगळ्याईनं खाल्ला. तूबी खाल्ला."

मी तिथं लिंबाखाली बसून रडले. अनोळखी माणसांना ही गोष्ट सांगताना माझा आवाज कधी हलला नव्हता. इथं हुंदके आवरेनात. बाबा मोटारीच्या पेटीपाशी जाऊन उगाच वायरी तपासत होते.

त्यानंतर ते रोज वावरात जायला लागले. ठोकेकरी भला माणूस. त्यानं एकदाही त्यांना अडवलं नाही, पाण्याचे कॉक फिरवायला दिले, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "आने दो ना ताई. मले काही तरास नाही." म्हणजे तोही सांगणार नव्हता. मी पुण्याहून विचारायची, "बाबा, कुठं हाय?" ते म्हणायचे, "कुठं म्हंजे? वावरात." त्या आवाजातला रुबाब ऐकून मला फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा. आणि त्याच महिन्यात मी एका मोठ्या कंपनीत, स्लाइडवर स्लाइड टाकत, 'सन्मानपूर्वक निरोप' या विषयावर बोलत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! टाळ्याही पडल्या.

शेवटी मी बुलढाण्याला बाबूच्या घरी जाऊन धडकले. त्याला वाटलं होतं, निरोप पोचला. बाबा रोज वावरात जातात हे ऐकून तो सोफ्यावर बसला तो बसलाच. मी त्याला बरंच तोडून बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मुकाट्यानं चपला घातल्या. वाटेत गाडीत तो ते वाक्य पुटपुटत होता. मी ऐकत होते. नीट पाठ होतं त्याचं.

अद्रकाला कोंब दिसू लागले होते. बाबांनी गाडी ओळखली आणि लंगडत धावतच आले. धोतराला हात पुसले, बाबूचा हात धरला आणि त्याला बेडाबेडानं फिरवलं. "पाह्य बाबू, एक कोंब वाया नाही गेला. मी रोज राह्यतो." बाबू पाहत होता, मान हलवत होता. लिंबाखाली आले. मी पाणी दिलं, दोघांनाही. आणि थोडी लांब जाऊन उभी राहिले, कारण त्या वेळी तिसऱ्यानं तिथं असू नये हाही माझाच नियम.

बाबूनं पेला रिकामा केला.  मग तो म्हणाला, "काका, तब्येत कशी हाय?"

"चांगली हाय."

"गुडघे?"

"ते चालतेच."

 बाबू उठला. त्यानं वाकून बाबांचे पाय धरले, डोकं टेकवलं. उठला आणि माझ्याकडे न पाहता गाडीत जाऊन बसला. गाडी बांधावरून वळून गेली.

मालक सालदाराच्या पाया पडत नाही. साल चालू असताना तर नाहीच. मी पाहिलं, बाबा आपल्याच पायांकडे बघत उभे होते.

"सांगाले आल्ता नं तो?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"नाही झालं त्याच्यानं. त्याच्या बापाच्यानं बी होत नसे. म्हणून तं न सांगायची रीत हाय."

मग त्यांनी वावरातल्या कोठ्यातून आपल्या वस्तू काढल्या. इळा, एक जुनी टोपी, भाकरीचं फडकं. मोटारीच्या पेटीची चावी कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती, तिची गाठ त्यांना सुटेना. ठोकेकरी पुढं झाला तर त्याला हातानं मागं सारलं. मी सोडली. त्यांनी चावी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "उत्तरेकडचा कॉक गळते, पाहून घेजो." तो "हाव चाचा" म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला त्याचाही राग आला, सगळ्या चांगल्या माणसांचा राग आला.

आम्ही चालत घरी निघालो. जीपवाला थांबला, बाबांनी त्याला हात करून पुढं जायला सांगितलं. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "तू लोकाईले सांगतं तवा रडतेत का ते?"

"रडतात कधी कधी."

"अन् तू?"

"मी नाही रडत."

"मंग त्या दिशी लिंबाखाली काऊन रडली?"

"तुम्ही माहे बाबा हाय."

ते थोडं चालले. रागानं नाही, अगदी सहज म्हणाले, "त्याईच्या बी लेकी असतीन नं."

 मी काम सोडलेलं नाही. माणसांना समोर बसवून सांगितलंच पाहिजे, या मतावर मी अजून ठाम आहे, वाटल्यास भांडायलाही तयार आहे. फक्त हल्ली तालीम घेताना एखादा साहेब म्हणाला की माझ्यानं होत नाही, तर मी पूर्वीसारखी त्याच्यावर डाफरत नाही. बाबूची पाठ आठवते, वाकलेली.

बाबा आता वावराकडे जात नाहीत. त्या रस्त्यानंच जात नाहीत. घरात आईला मिरच्या खुडून देतात, टीव्ही लावतात आणि न पाहता बसतात. बोलणं कमी झालं आहे. फोन केला की मात्र अजून विचारतात, नारळ आला का. मी हो म्हणते. एकदा माझ्याकडे काम नव्हतं तेव्हाही मी हो म्हटलं.

यंदाच्या पाडव्याला मी पुन्हा घरी गेले. आईनं पुरण घातलं होतं. गुढी उभी राहिली. बाबांनी अंघोळ केली, इस्त्रीचं धोतर नेसले आणि खुर्ची टाकून बसले. पण दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटू नये की हा माणूस वाट पाहतो आहे. मांडीवर सूप होतं, त्यात गहू निवडत होते. ते आईनं आदल्या दिवशीच निवडून ठेवलेले होते.

सकाळ गेली. रस्त्यावर एकदोन गाड्या वाजल्या, बाबांचा सुपातला हात तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा चालू झाला. आईनं तीन पानं घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच 'वाढ' म्हटलं. ती बाबांजवळ जाऊन म्हणाली, "चाला, वाढून राह्यली मी. थंडं होते."

बाबा वळले नाहीत. "थांब थोडं," म्हणाले.

समोर बसून, पाणी देऊन, पहिल्याच वाक्यात सांगायचं असतं. मला ते येतं, मी त्याचेच पैसे घेते. मी पानं उचलून परत फळीवर ठेवली आणि आईशेजारी जाऊन बसले. पुरणावर झाकण होतं. आम्ही थांबलो.